आधी वारा मोजा, मग पाती बसवा

किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला वाऱ्याची ओळख करून द्यावी लागत नाही. जूनमध्ये नैऋत्येचा वारा सुटला की माडाच्या झावळ्या एका अंगाला वळतात, त्या गौरी-गणपतीपर्यंत तशाच. पडवीला झडी बांधाव्या लागतात, पत्र्यांवर चिरे ठेवावे लागतात, आणि एवढे करूनही एखादी रात्र अशी येते की सगळे घर जागे राहते. म्हणूनच ‘एवढा वारा फुकट जातोय, छतावर पवनचक्की बसवली तर निदान लाईटबिल तरी सुटेल’ हे वाक्य अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही ऐकू येते. मोबाईलवर अशा यंत्रांच्या जाहिराती दिसतात. पंख्यासारखी फिरणारी, ढोलासारखी उभी, कमळाच्या पाकळ्यांसारखी. दिसायला सगळीच देखणी.

माझे मत आधीच सांगून टाकतो. कोकणातल्या कुटुंबाने घराच्या छतावरच्या पवनचक्कीत आज पैसे घालू नयेत, आणि सरकारनेही तिच्यासाठी सरसकट अनुदान देऊ नये. कोकणात वारा आहे आणि तो मोलाचा आहे, याबद्दल मला शंका नाही. पण तो आपल्या छपरावर सापडणार नाही. तो सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर आहे, डोंगराच्या माथ्यावर आहे, आणि एकेका घराने पकडण्यापेक्षा गावाने मिळून पकडण्याजोगा आहे. छप्पर सूर्याला द्यावे.

हे पटायला थोडे गणित लागते. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग दुप्पट झाला की ताकद आठपट, वेग निम्मा झाला की ताकद एक-अष्टमांश. बाकीचे सगळे या एका नियमातून निघते. जाहिरातीत ‘१ किलोवॉटची पवनचक्की’ लिहिलेले असते, तो आकडा बहुधा सेकंदाला ११ ते १२ मीटर वेगासाठी असतो, म्हणजे ताशी ४० किलोमीटरच्या पुढचा वारा. अशा वाऱ्यात छत्री उलटी होते. तोच वारा सेकंदाला ४ मीटरवर आला, म्हणजे अंगणात बसल्यावर बरे वाटेल इतका राहिला, की वेग एक-तृतीयांश आणि ताकद एक-सत्तावीसांश. हजार वॉटचे यंत्र त्या क्षणी सदतीस वॉटच्या आसपास वीज देते. एवढ्यात नव्या धर्तीचा एक कमी विजेचा पंखा फिरतो. वेग सेकंदाला ३ मीटरच्या खाली गेला तर पाती फिरताना दिसतात, मीटरवर मात्र काही जमा होत नाही.

याला आणखी एक मर्यादा आहे, ती निसर्गाची. वाऱ्यातली सगळी ऊर्जा काढून घेतली तर वारा पात्यामागे थांबून जाईल आणि मागून येणाऱ्याला वाट मिळणार नाही. म्हणून कितीही उत्तम यंत्र केले तरी ५९.३ टक्क्यांहून अधिक ऊर्जा काढता येत नाही. आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ही मर्यादा ओळखली जाते. लहान यंत्रे प्रत्यक्षात वीस-तीस टक्क्यांत अडकतात, आणि ढोलासारखी उभी यंत्रे त्याहूनही खाली. ‘उभे यंत्र कुठूनही आलेला वारा घेते’ हे विक्रेत्याचे म्हणणे खरे आहे, पण कुठूनही आलेल्या दुबळ्या वाऱ्यात मुळात नसलेली ताकद त्याने येत नाही.

दोन मीटर व्यासाचे पाते घ्या. ते सव्वातीन चौरस मीटरपेक्षा थोड्या कमी जागेतला वारा अडवते. सेकंदाला ५ मीटर वेगाच्या वाऱ्यात एवढ्या जागेतून सव्वादोनशे वॉटच्या आसपास ताकद वाहत असते. त्यातली पंचवीस-तीस टक्के हाती आली तर साठ-पासष्ट वॉट. यापुढे कोणतीही नवी रचना, कोणताही नवा आकार फारसा जाऊ शकत नाही, कारण मुळात त्या जागेत तेवढाच वारा आहे.

आता कोकणातल्या घराकडे या. आपले घर वारा चुकवण्यासाठी बांधलेले आहे. जुन्या माणसांनी वस्ती केली ती सड्याच्या खाली, डोंगराच्या कुशीत, खाडीच्या आतल्या अंगाला. कौलारू छपराची पागोळी माणसाच्या डोक्याला लागेल इतकी खाली आणली. घराभोवती माड, पोफळी, फणस, आंबा लावले. फळाचा विचार होताच, पण झाडे वारा तोडतात हेही त्यांना ठाऊक होते. गुहागर, मुरुड, आंजर्ले, आचरे अशा गावांतली वाडी आठवून पाहा. घराचे आढे पंधरा-वीस फुटांवर आणि आजूबाजूचे माड पन्नास-साठ फुटांचे. अशा छपरावर बसवलेली पवनचक्की झाडांच्या सावलीत बसवलेल्या सोलर पॅनेलसारखीच वाया जाते.

लहान पवनचक्कीबाबत जगभरचे जाणकार एक साधा नियम सांगतात: पात्याचे सर्वात खालचे टोक शंभरेक मीटर परिसरातल्या प्रत्येक झाडापेक्षा आणि इमारतीपेक्षा निदान तीस फूट उंच हवा. माडांच्या वाडीत हा नियम पाळायचा तर नव्वद फुटांचा मनोरा लागेल. तेवढा मनोरा कौलांवर किंवा स्लॅबवर उभा राहत नाही, तो जमिनीतूनच उभा करावा लागतो. मग ती छतावरची पवनचक्की राहिली कुठे?

झाडे नसलेल्या ठिकाणी, मोकळ्या स्लॅबवरही अडचण सुटत नाही. वारा भिंतीवर आपटतो, वर उचलला जातो, कठड्याच्या कडेवरून उडी मारतो आणि स्लॅबच्या डोक्यावर भोवरे सोडून पुढे जातो. स्लॅबवर उभे राहिल्यावर वारा खूप लागतो असे वाटते, कारण तो क्षणोक्षणी दिशा बदलून अंगावर येतो. यंत्राला असा वारा चालत नाही. त्याला एका दिशेने, एका लयीत येणारा वारा लागतो. भोवऱ्यांत पाते सारखे तोंड फिरवत राहते, बेअरिंग झिजते, खांब थरथरतो आणि ती थरथर स्लॅबमधून खालच्या खोल्यांत उतरते. चिऱ्याच्या भिंतीवर वासे-रीप टाकून उभारलेल्या घराला तर अशी रोजची कंपने सोसण्याची सवयच नाही.

हे नुसते पुस्तकी म्हणणे नाही. ब्रिटनमध्ये २००७ ते २००९ या काळात इमारतींवर बसवलेल्या सव्वीस लहान पवनचक्क्यांची पद्धतशीर मोजणी झाली. वॉरविक चाचण्या म्हणून ती ओळखली जाते. निष्कर्ष असा निघाला की बंद पडलेला काळ धरून या यंत्रांनी आपल्या छापील क्षमतेच्या सरासरी एक टक्काही वीज दिली नाही. आकडा होता ०.८५ टक्के. बंद काळ वगळला तरी जेमतेम ४.१५ टक्के. किलोवॉटच्या भाषेत सांगायचे तर १ किलोवॉटच्या यंत्राने वर्षाला पंचाहत्तर युनिट, आणि फार चांगले चालले असते तर साडेतीनशेच्या थोडे वर. ब्रिटन हा युरोपातला वाऱ्याचा देश, तिथली ही गत. त्यातली सर्वांत चांगली यंत्रे उंच इमारतींवर होती, आणि नेमकी तीच रहिवाशांच्या आवाजाच्या तक्रारींमुळे बराच काळ बंद ठेवावी लागली. रत्नागिरीत किंवा मालवणात समुद्राला तोंड करून आता जे सहा-सात मजली टॉवर उभे राहत आहेत, त्यांच्या सोसायट्यांनी हा भाग दोनदा वाचावा. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाने रात्रभर घरघर ऐकायची आणि वीज सोसायटीच्या जिन्यातल्या दिव्यांना जायची, ही वाटणी किती दिवस टिकेल?

लंडनमध्ये २०१० साली स्ट्राटा नावाची इमारत पूर्ण झाली. तिच्या माथ्यात प्रत्येकी १९ किलोवॉटच्या तीन पवनचक्क्या बांधतानाच बसवल्या होत्या. इमारतीची आठ टक्के वीज त्यातून यावी अशी अपेक्षा होती. त्या क्वचितच फिरताना दिसतात अशी लंडनकरांची तक्रार राहिली. याच्या उलट बहरीनच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये २००८ पासून दोन मनोऱ्यांमधल्या पुलांवर २९ मीटर व्यासाच्या तीन पवनचक्क्या आहेत. तिथे दोन्ही इमारतींचा आकारच आखातावरून येणारा वारा मधल्या फटीत कोंडून वेगवान करावा असा ठरवला गेला. म्हणजे इमारत वाऱ्यासाठी रचली तर काही साधते. आपल्याकडे इमारत आधी होते, वरती टाकी बसते, मोबाईलचा टॉवर बसतो, आणि उरलेल्या कोपऱ्यात वारा पकडायचा विचार सुचतो.

सूर्याशी तुलना केली तर चित्र आणखी स्पष्ट होते. महाराष्ट्रात १ किलोवॉटचे सोलर पॅनेल वर्षाला १,४०० युनिटच्या आसपास वीज देते. त्याला फिरणारा भाग नाही, आवाज नाही, तेलपाणी नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटसाठी किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि तीन किंवा अधिक किलोवॉटसाठी एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. लहान पवनचक्क्यांसाठीही केंद्राची योजना होती. किलोवॉटमागे लाखाच्या घरातले अनुदान तिने दिले आणि २०१७ मध्ये ती संपली. एवढे पैसे देऊनही देशभरात ही यंत्रे काही मेगावॉटच्या पुढे गेली नाहीत. त्या योजनेचे पुनरुज्जीवन करा अशी मागणी अधूनमधून होते. छतांसाठी ते करू नये, असे मला स्पष्टपणे म्हणायचे आहे. तो पैसा लोकांचा आहे.

इथे एक जोरदार आक्षेप येतो, आणि तो कोकणातूनच यायला हवा. सोलर पावसाळ्यात मंदावते. जुलैत आभाळ आठ-आठ दिवस उघडत नाही, तेव्हा पॅनेलची वीज एप्रिलच्या निम्म्यावर येते. आणि वारा तर तेव्हाच सर्वांत जोरात असतो. मग दोघांची जोडी का जमवू नये?

जोडी खरी आहे. पण ती कशासाठी जमवायची हे नीट विचारले पाहिजे. बिलासाठी म्हणाल तर तिची गरज नाही, कारण नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे छतावरची जादा वीज ग्रीडला देण्याच्या सोयीत, उन्हाळ्यात जास्त झालेले युनिट पुढच्या महिन्यांच्या बिलांत वळते होतात आणि हिशेब आर्थिक वर्षाच्या शेवटी मिटतो. एप्रिल-मेची वीज जून-जुलैला कामी येते. राज्य वीज नियामक आयोगाचे २०१९ चे नियम तर छतावरच्या सर्वच अक्षय ऊर्जेला लागू आहेत, फक्त सोलरला नव्हे. म्हणजे नियमांनी वाऱ्याला अडवलेले नाही, गणिताने अडवले आहे.

शिवाय कोकणात पावसाळ्यात विजेची मागणी कुठे असते तेही पाहा. जून-जुलै मासेमारीला बंदी, होड्या शाकारलेल्या, बर्फाचे कारखाने थंड. आंबा-काजूच्या प्रक्रियेचा हंगाम संपलेला. पर्यटकांची गर्दी ओसरलेली. शेतीपंप बंद, कारण पाणी आभाळातूनच पडते आहे. वारा जेव्हा सर्वाधिक, तेव्हा कोकणातला वीजवापर सर्वांत कमी. उलट मे महिन्यात, जेव्हा वाड्यावाड्यांवर टँकर फिरतात आणि विहिरीवरचा पंप जीवनावश्यक होतो, तेव्हा दुपारचे खारे वारे आणि रात्रीचे मतलई वारे एवढेच काय ते हाताशी असते. अंगाला गार लागतात, पण पात्याला पुरत नाहीत. मे महिन्याचा धनी सूर्यच आहे.

पावसाळी वाऱ्याचे खरे मोल आहे ते लाईट गेल्यावर. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला धडकले. खांब हजारांनी पडले, माड-पोफळीच्या बागा झोपल्या, आणि दापोली, मंडणगड, मुरूड, श्रीवर्धन या तालुक्यांतली कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. पुढच्या मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गेले, तेव्हा सिंधुदुर्ग-रत्नागिरीत पुन्हा तेच. वादळ नसतानाही जूनच्या पहिल्या झोडपणीत फांदी तारेवर पडते, खाऱ्या वाऱ्याने इन्सुलेटरवर मीठ चढते आणि फीडर, म्हणजे गावांना वीज आणणारी वाहिनी, बंद पडते. वायरमन भिजत, चिखल तुडवत बिघाड शोधत फिरतो. ही कोकणाची खरी वीज-समस्या आहे.

आणि इथे छतावरचे साधे सोलरही कामाला येत नाही, हे फार जणांना बसवून झाल्यावर कळते. ग्रीडला जोडलेला साधा इन्व्हर्टर ग्रीड बंद पडताच स्वतःही बंद होतो. खांबावर चढलेल्या वायरमनच्या अंगावर आपल्या छतावरून वीज जाऊ नये म्हणून तशी सक्ती आहे, आणि ती योग्यच आहे. डोक्यावर ऊन आणि घरात अंधार अशी वेळ त्यामुळे येते. यावर उपाय म्हणजे बॅटरी असलेला हायब्रीड इन्व्हर्टर. एका पवनचक्कीच्या किमतीत चांगली बॅटरी येते, आणि ती बाराही महिने उपयोगी पडते. घराला दिवे, पंखा, मोबाईल यांपुरती वीज लागते. ती पावसाळ्यातल्या मंद उजेडातही तीन किलोवॉटच्या पॅनेलकडून मिळून जाते.

वादळात पवनचक्की काय करते, हाही प्रश्न विचारायला हवा. ती बंद होते. चांगले यंत्र ठराविक वेगापुढे स्वतःला ब्रेक लावते, वाईट यंत्र फिरत राहते आणि तुटते. ताशी १२० किलोमीटरचा वारा सपाट पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ६५ किलो वजनाएवढा जोर लावतो. तो जोर खांबाच्या टोकावर लागतो आणि खालच्या स्लॅबला तो कितीतरी पटींनी वाढून उपटू पाहतो. ‘निसर्ग’मध्ये कुणाच्या पाण्याच्या टाक्या कुणाच्या अंगणात सापडल्या ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी शेजाऱ्याच्या छतावर फिरणाऱ्या पात्यांची कल्पना करावी. त्यात किनाऱ्याची खारी हवा. नळाची तोटी, खिडकीचे गज, गाडीचा पत्रा वर्षा-दोन वर्षांत सांगतात की लोखंडाचे इथे काय होते. बोल्ट आतून गंजला आहे की नाही हे पन्नास फूट खालून दिसत नाही, आणि दरवर्षी मे अखेरीस वर चढून तपासणारा माणूस गावात नाही.

मग कोकणाचा वारा सोडून द्यायचा का? मुळीच नाही.

राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे महाराष्ट्राची पवन-क्षमता ९८ गिगावॉट आहे. हा आकडा भाषणांत नेहमी येतो, पण तो जमिनीपासून १२० मीटर उंचीवरच्या वाऱ्याचा आहे, हे सोबत सांगितले जात नाही. उंचीला एवढे महत्त्व का, तर मोकळ्या जागेतही उंची दुप्पट केली की वेग दहाएक टक्क्यांनी वाढतो आणि घनाच्या नियमाने ताकद एक-तृतीयांशाने. म्हणूनच पवनचक्क्या साताऱ्यात वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारांवर गेल्या. कोकणातून वर चढणारा वारा सह्याद्रीच्या माथ्यावर दाटतो आणि वेग घेतो. तो आपल्याच समुद्रावरून गेलेला वारा आहे. किनाऱ्यावरही हे नवीन नाही: १९८६ मध्ये देशातले पहिले प्रात्यक्षिक पवन प्रकल्प ओखा, तिरुनेलवेली आणि रत्नागिरी इथे ५५ किलोवॉटच्या यंत्रांनी सुरू झाले होते. देवगडच्या पवनचक्क्या पर्यटक फोटोसाठी पाहतात. त्यांनी जागाही पाहावी. घरांपासून दूर, कड्यावर, समुद्राकडे तोंड करून, मनोऱ्यावर. ज्यांनी त्या उभारल्या त्यांना वारा कुठे असतो ते माहीत होते.

कोकणाला हे सडे मिळाले आहेत. देवगड, राजापूर, गुहागरचे जांभ्याचे उघडे माळ, जिथे पावसाळ्यात सरळ उभे राहणे कठीण जाते. तिथे गावाच्या मालकीचा एक मध्यम यंत्राचा मनोरा शंभर छपरांवरच्या खेळण्यांपेक्षा कितीतरी जास्त वीज देईल. त्या विजेतून बॅटरीसह आरोग्य उपकेंद्राचा लसींचा फ्रीज, नळपाणी योजनेचा पंप, मोबाईल टॉवर, ग्रामपंचायतीचे कार्यालय आणि शाळेतला निवारा एवढे चालू राहिले, तरी फीडर गेलेल्या आठवड्यात गाव उभे राहते.

मालकीचा आग्रह मी जाणीवपूर्वक धरतो आहे. तामिळनाडूतल्या कोइमतूर जिल्ह्यातल्या ओडंतुरै ग्रामपंचायतीने २००६ मध्ये बँकेचे कर्ज काढून ३५० किलोवॉटची पवनचक्की घेतली. गावाची गरज भागून उरलेली वीज ती वीज मंडळाला विकते. विशेष म्हणजे ती पवनचक्की गावात नाही. जिथे वारा चांगला आहे अशा दुसऱ्या भागात ती उभी केली आणि वीज ग्रीडमधून हिशेबात घेतली. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनसमोरच्या समुद्रात २००० साली उभ्या राहिलेल्या वीस पवनचक्क्यांपैकी निम्म्यांची मालकी हजारो सामान्य सभासदांच्या सहकारी संस्थेकडे आहे. सहकार हा महाराष्ट्राला कुणी शिकवायचा विषय नाही. कोकणात साखर कारखाने नाहीत, पण मच्छीमार सोसायट्या आहेत, आंबा बागायतदारांच्या संस्था आहेत, वाडीवाडीची मंडळे आहेत. दहा गावांनी मिळून घाटमाथ्यावरच्या एखाद्या यंत्रात भाग का घेऊ नये?

कोकणाच्या दृष्टीने यात न्यायाचाही प्रश्न आहे. कोयनेचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला आमच्याकडे उतरते, त्यावर १,९२० मेगावॉटची केंद्रे चालतात. दाभोळला १,९६७ मेगावॉटचा वायूवरचा प्रकल्प, जयगडला १,२०० मेगावॉटचा कोळशाचा. एवढी वीज ज्या जमिनीवर तयार होते तिथल्या वाड्या जूनमध्ये अंधारात बसतात. वाऱ्याच्या बाबतीत हे पुन्हा होऊ नये, म्हणजे सडा आमचा, आवाज आमचा, आणि वीज व पैसा दुसऱ्याचा असे होऊ नये, यासाठी सुरुवातीलाच गावाचा हिस्सा कागदावर यायला हवा.

अडचणी आहेत, आणि त्या लपवून काही होणार नाही. भारतात आता प्रामुख्याने दोन-तीन मेगावॉट आणि त्यापुढची यंत्रे बनतात. त्यांची साठ-सत्तर मीटरची पाती घाटातल्या वळणांवरून आणि आमच्या गाव-रस्त्यांवरून नेणे जवळपास अशक्य आहे. शंभर ते तीनशे किलोवॉटची यंत्रे किनारी गावांसाठी हवीत, आणि अनुदान द्यायचेच असेल तर ते इथे द्यावे. जमिनीचा गुंता त्याहून मोठा. सड्याच्या सातबाऱ्यावर तीन पिढ्यांची नावे असतात, त्यातले निम्मे वारस मुंबईत. दलाल अशा जमिनी कशा उचलतात ते गेल्या काही वर्षांत आपण पाहिले आहे. आणि सडा रिकामा नसतो. बारसू, कशेळी, उक्षी, देवाचे गोठणे इथल्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पे आहेत, २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आहेत. पावसाळ्यात याच कातळावर दुसरीकडे न उगवणारी फुले येतात, गुरे चरतात, कड्यांवर समुद्रगरुड घरटी करतात. मनोऱ्याच्या पायाला थोडीच जागा लागते, पण तिथवरच्या रस्त्याला खूप लागते. प्रत्येक सड्यावर पवनचक्की नको. योग्य तो सडा निवडायला हवा, आणि तो गावाने निवडायला हवा.

छोट्या यंत्रालाही जागा आहे, ती अपवाद म्हणून. विजेचे खांब पोचलेले नाहीत असा डोंगरावरचा धनगरवाडा, आडबाजूच्या टेकाडावरचे वन-चौकीचे घर. तिथे सोलर, बॅटरी आणि जोडीला एक लहान पवनचक्की हे उत्तर बरोबर ठरेल, मात्र ती छपरावर न बसवता घरापासून हटून, मोकळ्या माथ्यावर, स्वतःच्या खांबावर. लहान यंत्रांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६१४००-२. त्याप्रमाणे चाचणी झालेली नसेल ते यंत्र किनाऱ्यावर विकायलाच परवानगी नसावी.

तोवर पहिले काम एकच: मोजणी. वाऱ्याचा अंदाज झाडांच्या हलण्यावरून करता येत नाही, आणि दूरच्या हवामान केंद्राच्या सरासरीवरूनही नाही. एका टेकडीच्या अलीकडे-पलीकडे वेग निम्मा होतो. महाऊर्जा या राज्य सरकारच्या ऊर्जा विकास संस्थेने किनारी तालुक्यांत निवडक सड्यांवर दहा, वीस आणि तीस मीटर उंचीवर वेगमापक बसवावेत आणि पूर्ण एक वर्ष, चारही ऋतूंची नोंद घ्यावी. त्याच वेळी खालच्या गावात शाळेच्या छतावर एक साधा मापक असावा. विज्ञानाच्या मुलांनी रोज आकडे लिहावेत, सड्याचा आणि छताचा वेग शेजारी शेजारी मांडावा, घन करून पाहावा. यासाठी लागणारा पैसा जिल्हा नियोजन समितीच्या आवाक्यातला आहे. तो प्रकल्पाच्या खर्चाच्या तुलनेत नगण्य आहे, आणि चुकीच्या जागी उभ्या राहणाऱ्या यंत्राचा सगळा खर्च त्याने वाचतो.

ज्यांच्या दारात विक्रेता आधीच येऊन बसला आहे, त्यांनी त्याला किलोवॉट विचारू नये. माझ्या या छतावर, माझ्या या माडांमध्ये, वर्षाला किती युनिट देणार ते लेखी मागावे, आणि तितके न मिळाल्यास पैसे परत हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे. गावांनी पुढच्या ग्रामसभेत दोन ठराव घ्यावेत. एक, आमच्या सड्यावर वर्षभर वारा मोजावा आणि दर महिन्याचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. दोन, ते आकडे हाती येईपर्यंत पवनचक्कीसाठी सड्याची एक गुंठाही जागा कुणाला देण्याची शिफारस पंचायत करणार नाही. मोजणीचा मनोरा पावसाळ्याआधी उभा राहायला हवा, म्हणून ठराव जानेवारीच्या ग्रामसभेतच व्हावा.